आमचे नऊ, तुझे आठ

मंगळवार, ११ सप्टेंबर २००७

प्रिय एनॉस,

प्रभूच्या कृपेने आम्ही दोघी अजून चालत्याबोलत्या आहोत, तसेच तुम्हीही असाल असं धरून लिहिते. इकडे ऊन अजून हटत नाही. मक्याची पानं वाजायला लागलीत, पण दाणा ओला आहे. काळी गाय व्यायलीये, पाडा झाला.

आई बरी नाही. तुला वाटेल, अक्का वर्षभर गप्प बसली आणि आता आजारपणाचं निमित्त काढून लिहिते. तसं समज हवं तर. पण तिचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेत, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. जिना चढणं बंद केलंय. खालच्या खोलीत, चुलीच्या पलीकडे, तिची खाट आणली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. म्हटलं, आमच्या घरात एक तेच थकायचं राहिलं होतं. ते हसले नाहीत. नाताळ बघतील असं वाटत नाही म्हणाले.

म्हणून सांगते, येऊन जा. इलिनॉय काही समुद्रापलीकडे नाही, पाच तासांचा रस्ता. भाड्याच्या गाडीवाल्याला विचार. मागच्या वर्षी जे झालं ते झालं. कोणाची चूक होती, कोणाची नव्हती, ते आता राहू दे.

आई तुझं नाव घेत नाही. पण रोज संध्याकाळी घड्याळाचे ठोके पडले की विचारते, "किती झाले?" मी म्हणते, सहा. मग विचारते, "आणि तिकडे?" मी म्हणते, तिकडेही सहाच, आई, अजून उन्हाळ्याची वेळ चालू आहे. मग ती भिंतीकडे तोंड करते.

रोझानाला आणि मुलांना माझा निरोप सांग. दूध काढायची वेळ झाली, थांबते.

तुझी अक्का,
साविला


सोमवार, १ ऑक्टोबर २००७

प्रिय एनॉस,

रोझानाचं कार्ड मिळालं. तुमच्याकडे पाऊस किती झाला, सोयाबीन कधी काढलं, चौघं मुलं शाळेत जातात, सगळं कळलं. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. तिने लिहिलं नाही की तू लिहू दिलं नाहीस, ते मी विचारत नाही.

मला राग येतो तुझा. आता लपवून काय करू? घड्याळाच्या एका काट्यावरून घर सोडून गेलास तू. सरकारने फर्मान काढलं की इंडियानातही उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचं. कारखान्याने ते मानलं, तुझी पाळी त्या घाईच्या वेळेने सुरू झाली. कबूल. पण आपल्या मंडळीने ठरवलं होतं, आपण जुनी, संथ वेळच पाळायची, देवाने सूर्य जिथे ठेवलाय तिथे. आणि बाबा स्वतः मंडळीचे पाळक. त्यांच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात तू घाईचं घड्याळ टांगलंस! भिंतीच्या अलीकडे पाच, पलीकडे सहा. आठवतं ना, सकाळी तू कामाला गेलास की बाबा हळूच पलीकडे जाऊन काटा मागे करायचे, आणि संध्याकाळी तू येऊन पुढे करायचास? दोन महिने चाललं होतं ते. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. रोझाना बिचारी मला विचारायची, "वन्सं, आज नक्की किती वाजलेत हो?" मी म्हणायचे, भूक लागली की वाढ.

हसले आत्ता, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. जून महिन्यात तू सामान भरून तिच्या माहेरी, इलिनॉयला निघून गेलास. आणि गंमत बघ. तिकडच्या तुमच्या मंडळीत घाईची वेळ चालते खरी, पण तो मुलूखच आपल्यापेक्षा एक तास मागे. त्यामुळे उन्हाळ्यात तुमची घाईची वेळ आणि आपली संथ वेळ एकच. बाबांच्या घड्याळापासून पळून गेलास, आणि तिथे जाऊन तेच वाजवायला लागलास. बाबांना हे कळलं तेव्हा ते जेवताना थांबले आणि म्हणाले, "पोरगा सुधारला म्हणायचा." तुला हे कुणी सांगितलं नसेल. आज मी सांगते.

इकडचे तास मोजणं माझ्याच गळ्यात पडलं. दुधाची गाडी सहाला येते म्हणजे आपल्या पाचला. दवाखाना घाईच्या वेळेने, किराणा घाईच्या वेळेने, उपासना संथ वेळेने. टोबायस काका तर सरळ मलाच विचारतात, "साविला, बाहेरच्यांचे किती आणि आपले किती?" मी शाळेत शिकवत होते ना कधीकाळी, त्याची ही शिक्षा.

बाबांच्या दफनाच्या वेळी, घरात फोन ठेवत नाही आपण म्हणून, मी तुमच्या रस्त्याकडेच्या फोनच्या खोपटीतल्या यंत्रावर निरोप ठेवला होता. सोमवारी नऊला, दफनभूमीवर. स्पष्ट सांगितलं होतं. तू दहाला आलास. बाकी मला काही म्हणायचं नाही.

आईला दोन दिवस धाप लागत होती. आज जरा बरं आहे. सफरचंदाचा मुरंबा केला, एक बरणी तुझ्या नावाने ठेवली आहे. येऊन घेऊन जा.

साविला


सोमवार, १५ ऑक्टोबर २००७

एनॉस,

दोन आठवडे उत्तराची वाट पाहिली. नाही आलं. ठीक आहे.

मागच्या पत्रातलं एक वाक्य मला झोपू देत नाही. "स्पष्ट सांगितलं होतं." ते खोटं आहे. आज सगळं लिहिते, नाहीतर पुन्हा लिहिणार नाही, माझा मला भरवसा नाही.

बाबा शुक्रवारी सकाळी गेले. शनिवारी मी निरोप ठेवायला फोनच्या खोपटीकडे निघाले तेव्हा टोबायस काका अंगणात होते. ते म्हणाले, "पोरी, उद्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात बरं का. एनॉसचा तिथला पहिलाच हिवाळा. त्याला नीट फोड करून सांग." मी हो म्हटलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या पेंडवाल्याच्या कॅलेंडरवरही त्या रविवारच्या चौकोनात घड्याळाचं चित्र होतं, मी स्वतः बघून निघाले होते.

खोपटीत गेले, फोन लावला. तोंडात शब्द तयार होते. आमचे नऊ, तुझे आठ. एवढंच म्हणायचं होतं. आणि यंत्राचा आवाज झाला तशी मी म्हटलं, "बाबा गेले. दफन सोमवारी नऊला. साविला." आणि फोन ठेवून दिला.

का, ते मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. मी थकले होते, एनॉस. सहा आठवडे बाबांना उचलून बसवत होते, पुसत होते, भरवत होते. तू मधे एकदा येऊन तासभर बसून गेलास, आणि तेव्हाही ते तुझ्याकडे बघून हसले. माझ्याकडे बघून कधी हसले नाहीत, माझ्याकडे ते भांडं मागायचे. खोपटीत उभी होते तेव्हा मनात आलं, घाईची वेळ एवढी प्यारी ना? मग कर हिशेब तू स्वतः. मी सगळ्यांचे तास मोजते, एकदा तू मोज.

मला वाटलं होतं, थोडा उशीर होईल, मागच्या रांगेत मान खाली घालून उभा राहशील. एवढंच. माझं मन इतकंच वाईट होतं, त्याहून जास्त नाही.

पण पुढचंही ऐक. नऊ वाजले, पेटी खड्ड्याशी आणली, तेव्हा टोबायस काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एनॉससाठी थांबायचं का?" सगळे उभे होते, वारा सुटला होता. तुझ्याकडे आठ वाजलेत आणि तू अजून तासभराच्या अंतरावर आहेस, हे तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं, "तो येईल तेव्हा येईल." मग त्यांनी फावडी उचलली.

तू आलास तेव्हा माणसं फावडी पुसत होती. आणि आई, जी जन्मात कुणाला उणा शब्द बोलली नाही, ती तुला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या घड्याळात तुझा बाप अजून मातीच्या वरच असेल. जा, तिथेच भेट त्याला." तू माझ्याकडे बघितलंस. मी शाल सारखी करत होते.

यात तुझी चूक काही नव्हती. उन्हाळाभर दोन्हीकडे सारखेच वाजत होते, तू नऊ म्हणजे नऊ धरून चारला निघालास. माझी होती.

माफी कशी मागतात ते शिकवताना मी शाळेत फार कडक होते. आता मला ती पद्धत आठवत नाही. मला माफ कर.

साविला


बुधवार, २४ ऑक्टोबर २००७

एनॉस,

आईला सांगितलं.

रविवारी उपासनेहून आले. तिला चिकन-नूडल्स दिले, दोन घास खाल्ले तिने. म्हटलं, आई, एनॉस त्या दिवशी उशिरा आला ते माझ्यामुळे. आणि सगळं सांगितलं, खोपटीतलं आणि खड्ड्याजवळचंही. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ताट उचल."

त्यावर आज चौथा दिवस. माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट दाखवते. मी कूस बदलायला गेले की डोळे मिटून घेते. टोबायस काका भेटायला आले तर त्यांच्याशी मात्र पाडा केवढा झाला, कुणाकडे लग्न आहे, सगळं बोलली.

तू येणार नसशील तर नको येऊस. पण तिला चार ओळी लिही. मला नको लिहू. तिला तुझ्याकडून काही ऐकायचंय, आणि माझ्या तोंडून ऐकून तिचं ऐकणं संपलंय.

लाकडं फोडून झाली. यंदा एकटीनेच फोडली, हाताला घट्टे पडले. हे तुझ्या मनाला लागावं म्हणून लिहिलं नाही. बरं, थोडंसं त्यासाठीच लिहिलं.

साविला


शुक्रवार, ९ नोव्हेंबर २००७

प्रिय एनॉस,

पोहोचलास हे रोझानाच्या निरोपावरून कळलं. तू गेल्यापासून आई जास्त झोपते, पण झोपेत कण्हत नाही.

तू जाताना गाडीपाशी मला हळूच विचारलंस, "अक्का, आईच्या डोक्यात काही गोंधळ झालाय का गं?" मी नाही म्हटलं आणि गाडीवाला भोंगा वाजवायला लागला, म्हणून सांगायचं राहिलं. आता सांगते.

तुझा निरोप मला शनिवारी मिळाला. "सोमवारी नऊला येतो. एनॉस." बस, एवढाच! घराण्याची रीतच दिसते निरोप असे ठेवायची. मी येऊन आईला सांगितलं. तेरा दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "कुणाचे नऊ?"

म्हटलं, ते काही सांगितलं नाही.

तिने मान घड्याळाकडे वळवली. मग म्हणाली, "उद्या घड्याळं मागे जायचा दिवस ना त्यांचा? उद्या खुर्ची घे आणि आपलं घड्याळ मागे कर."

"आपलं कशाला, आई? उद्या अख्खं राज्य संथ वेळेवर येतंय. आपलं आहे तेच बरोबर."

"मी बरोबर-चूक विचारलं का तुला? एक तास मागे कर. त्याच्याकडे नऊ वाजतील तेव्हा माझ्याकडे नऊ वाजायला हवेत."

"बाबांनी हे घड्याळ कधी..."

"तुझ्या बाबांचं घड्याळ जपता जपता मी माझा लेक घालवला. चढ खुर्चीवर."

चढले. काटा मागे केला, एनॉस. चाळीस वर्षं त्या घड्याळाला किल्लीशिवाय कुणी काही केलं नव्हतं. रविवारी सगळं राज्य घड्याळ मागे करून आपल्या वेळेवर आलं, आणि त्याच दिवशी पाळकाचं घर तिथून उठून तुझ्या वेळेवर जाऊन बसलं. टोबायस काकांना कळलं असतं तर त्यांनी टोपीच फेकली असती.

ती म्हणाली, "आता तो कधीही येऊ दे, उशीर व्हायचा नाही त्याला."

आणि सोमवारी तू आलास ते पावणेनऊला. आमच्या संथ वेळेच्या पावणेनऊला. दारात उभा राहून खिशातून माझ्या पत्राचं पाकीट काढून मला दाखवलंस, पाठीमागे पेन्सिलीने आकडे: तिथले नऊ, इथले आठ, निघायचं तीनला. शाळेतल्या पोरासारखं खालून दोन रेघा ओढल्या होत्यास. मी दार उघडं धरलं. आत घड्याळात पावणेआठ झाले होते.

आईने तुझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. म्हणाली, "तास आधीच आलास की रे."

तू घड्याळाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मी चुलीत लाकूड सारत होते. ती म्हणाली, "आलायस तर बस. हा तास वरचा आहे, माझा." मग तू बसलास, तिने तुझा हात धरून ठेवला, तुझ्या हातून अर्धं अंडं खाल्लं, तिकडे जन्मलेल्या धाकटीचं नाव दोनदा विचारलं. तासाहून जास्त वेळ झाला. आणि नऊचे ठोके पडले तेव्हा तिने ते मोजले, बोटांवर, आठवतं? मग म्हणाली, "त्या दिवशी तू आलास तेव्हा तुझ्याकडे एवढेच वाजले होते. नऊ. तू वेळेवर आला होतास. मी जे बोलले ते परत घेते."

तुला वाटलं ती भरकटली. ती भरकटली नव्हती. तिने तो ठोका तुझ्यासाठी लावून ठेवला होता. बापाच्या दफनाला तुझा जो तास गेला तो तिला परत करायचा होता, आणि तिच्याजवळ एवढं एकच घड्याळ होतं.

माझ्याशी आता बोलते. उशी वर कर, खिडकी लाव, इतकंच. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, आणि बहुतेक आता निघायचाही नाही. मी वाट बघत नाही असं म्हणणार होते, पण खोटं पुरे झालं. बघते.

तुझं मात्र एक वाक्य मी धरून बसलेय. गोठ्यात मी तुला म्हटलं, माझं पत्र वाचलंस ना? तू दुधाची बादली उचललीस आणि म्हणालास, "वाचलं. कॅलेंडर आमच्याही भिंतीवर होतं, अक्का." आणि बादली घेऊन गेलास. मी तिथेच गाईच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिले. चांगली गाय आहे, हलली नाही.

मुरंब्याची बरणी विसरून गेलास.

तुझी अक्का,
साविला


सोमवार, २६ नोव्हेंबर २००७

(हे आधी कागदावर लिहून घेते, मग खोपटीत जाऊन तुमच्या यंत्रावर वाचते. कागद पाकिटात घालून तुला पाठवीन, म्हणजे दोन्हीकडून पोहोचेल.)

एनॉस, मी साविला. आई आज सकाळी गेली. त्रास झाला नाही. मी जवळ होते. शेवटी तिने विचारलं, "किती झाले?" मी म्हटलं, सहा. ती म्हणाली, "तिकडे?" मी म्हटलं, तिकडेही सहाच, आई. आपलं घड्याळ अजून मागेच आहे. त्यावर तिने माझा हात दाबला. माझा, एनॉस.

टोबायस काका येऊन गेले. घड्याळ चुकलंय म्हणाले. म्हटलं, आईने लावलंय, मी हात लावणार नाही.

आता नीट ऐक. दफन गुरुवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी नऊला. आमचे नऊ. तुझ्या घड्याळात तेव्हा आठ वाजलेले असतील. मधल्या दिवसांत कुणाचंही घड्याळ मागेपुढे होणार नाही, मी कॅलेंडर पाहिलं. पुन्हा सांगते. आमचे नऊ, तुझे आठ. म्हणजे तीनला नीघ, तुझ्या तीनला. मुलांना गरम कपडे घाल, तिथे वारा असतो.

आणि रस्त्यात काही झालं, गाडी बंद पडली, काहीही झालं तरी घाई करू नकोस. काकांना मी सांगून ठेवलंय. तू येईपर्यंत कुणी फावडं उचलणार नाही. मी तिथेच उभी असेन.